कँटोनीजमधील शाही फर्मानांची शब्दावली : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हाँगकाँगच्या ऐतिहासिक मालिका पाहून, कँटोनीज संगीतनाटक ऐकून किंवा चीनच्या इतिहासाचा अभ्यास करताना या शब्दांकडे वळलेले मराठी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल असे लिहिले आहे, आणि एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. देवनागरीत दिलेले उच्चार वाचण्यापूर्वी प्रश्न ३ आणि ४ अवश्य पाहावेत.

१. चीनचे सम्राट खरोखर कँटोनीजमध्ये हुकूम देत असत का?

नाही. राजधानीतील दरबारात अधिकाऱ्यांची सामाईक बोली, म्हणजे क्वान्ह्वा (आजच्या मँडरिनची पूर्वज), चालत असे, फर्माने अभिजात लिखित चिनीत लिहिली जात, आणि चिंग राजवटीत (चीनची अखेरची राजवट, सत्ताधीश मांचू) त्यांच्यासोबत मांचू मजकूरही असे. कँटोनीज ही दक्षिणेकडील क्वांगतुंग प्रांताची भाषा आहे. मात्र चिनी लिपी ध्वनीला बांधलेली नसल्यामुळे तेच लिखित फर्मान क्वांगतुंगमधील सुशिक्षित माणूस आपल्या कँटोनीज उच्चारांनी मोठ्याने वाचू शकत असे, आणि तसे तो वाचतही असे. आपण जी शब्दावली शिकतो ती म्हणजे अभिजात लिखित शब्दांचे हे कँटोनीज वाचन. ही बाजारात बोलली जाणारी कँटोनीज नव्हे, एवढे आरंभीच लक्षात ठेवले तर पुढचे बहुतेक गोंधळ टळतात.

२. मग हे शब्द मँडरिनमधून शिकणे अधिक योग्य नाही का?

चिंग दरबाराची कागदपत्रे अभ्यासणे एवढाच उद्देश असेल, तर मँडरिन पुरेशी आहे. परंतु कँटोनीज वाचनाला स्वतःचे महत्त्व आहे, आणि ते मला मनापासून पटलेले आहे. जुन्या चिनीतील शब्दान्तीचे प्, त्, क् आणि म् हे ध्वनी कँटोनीजने जपले आहेत, मँडरिनने ते गमावले आहेत. ‘हुकूम स्वीकारणे’ या अर्थी कँटोनीजमध्ये ‘चिप३ ची२’ म्हणतात; त्यातील ‘चिप’चा ओठ मिटणारा शेवट मँडरिनमध्ये ऐकू येत नाही. ‘छिक१’ (राजादेशाचा एक प्रकार) आणि ‘यम१ छी२’ (फर्मानाची अखेर) यांचेही तसेच. यावरून थांग काळातील दरबार आजच्या कँटोनीजसारखा बोलत होता असा निष्कर्ष मात्र काढू नये, कारण स्वर, सूर आणि आद्य व्यंजने येथेही पुष्कळ बदललेली आहेत.

दुसरे कारण असे की, क्वांगतुंगच्या सामान्य माणसाच्या कानावर सम्राटाचे शब्द त्याच्याच भाषेतून पडत असत. कांग्शी सम्राटाने १६७० मध्ये सोळा वचनांचा उपदेश जारी केला, प्रत्येक वचन सात अक्षरांचे. योंगचंग सम्राटाने १७२४ मध्ये त्याचा विस्तार केला. हा ‘सिङ३ यू६’, म्हणजे पवित्र उपदेश, चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी गावोगावी वाचला जाई आणि लोकांना समजावा म्हणून स्थानिक बोलीत उलगडून सांगितला जाई. या कामाला ‘स्यून१ कॉङ२’ असे म्हणतात. ‘वो४ हॅङ१ तॉङ२ यी५ सिक१ चङ१ चुङ६’, म्हणजे शेजारीपाजारी सलोखा राखून भांडणे आणि खटले मिटवावेत, हे त्यांतील तिसरे वचन. राजवाड्यातून निघालेले शब्द कँटोनीज भाषकांच्या कानापर्यंत कसे पोहोचत, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

३. देवनागरीत दिलेले उच्चार नेमके कसे वाचायचे?

हाँगकाँगच्या भाषाशास्त्र मंडळाने १९९३ मध्ये तयार केलेली ज्युटपिंग ही रोमन पद्धत आज मोठ्या प्रमाणावर वापरली जाते, आणि शब्दकोश पाहण्यासाठी ती पुढे शिकावीच लागेल. येथे आपण देवनागरी वापरतो, कारण काही बाबतींत ती अधिक नेमकी ठरते.

‘च’ हा नेहमी ‘चाक’ आणि ‘चूल’ यांतला, ‘चहा’तला नव्हे. इ किंवा यू यांच्यापूर्वी अनेक कँटोनीज भाषक तो ‘चिमणी’तल्या ‘च’कडे झुकवतात, म्हणून तेथे मराठी सवय आड येत नाही. ‘छ’ म्हणजे ‘चाक’मधला च, जोराच्या श्वासासह, हा ध्वनी मराठीत नाही, तो घडवावा लागतो. ‘फ’ म्हणजे दोन्ही ओठ मिटून सोडलेला महाप्राण, आणि खाली टिंब दिलेला ‘फ़’ म्हणजे दात ओठावर टेकवून काढलेला. आपल्यापैकी अनेक जण दोन्ही ठिकाणी दुसराच उच्चार करतात, त्यामुळे येथे जपावे लागते. ‘ॅ’ असलेला स्वर ओठ गोल करून म्हटलेला ‘ॲ’ समजावा. व्यंजनाला जोडलेला किंवा स्वतंत्र ‘यू’ म्हणजे ओठ गोल करून म्हटलेला एकसंध ‘ई’. शब्दान्तीचे प, त, क हे पूर्ण हलन्त असून तोंडातच अडवायचे, बाहेर फुटू द्यायचे नाहीत.

अल्पप्राण आणि महाप्राण यांतील भेद हे मराठी माणसाचे मोठे बळ आहे. ‘कॉङ३ ची२’ म्हणजे फर्मान जारी करणे, आणि ‘खॉङ३ ची२’ म्हणजे फर्मान धुडकावणे. सूर तोच, स्वर तोच, फरक फक्त क आणि ख यांचा. पहिले काम सम्राटाचे, दुसऱ्यासाठी डोके जाऊ शकते. इंग्रजीच्या आधाराने शिकणाऱ्यांना येथे महिनोन्‌महिने अडखळताना मी पाहिले आहे. मराठी कानाला हा भेद पहिल्याच दिवशी कळतो.

४. शब्दापुढचे अंक कशाचे आहेत? ते सोडून दिले तर चालेल का?

ते सुरांचे अंक आहेत, आणि ते सोडून चालणार नाही. कँटोनीजमध्ये सहा सूर आहेत: १ उंच आणि सपाट, २ खालून वर चढणारा, ३ मधला सपाट, ४ खोल उतरणारा, ५ खालच्या पट्टीत किंचित चढणारा, ६ खालचा सपाट. प, त, क यांनी संपणारे शब्द तुटक असतात, त्यांना जुन्या गणनेत वेगळे तीन सूर मानले जाई. ज्युटपिंगमध्ये ते १, ३ आणि ६ याच अंकांनी दाखवतात.

सुरांचे महत्त्व दरबारातच पाहा. मंत्र्याची विनंती मान्य करताना सम्राट ‘चॅन२ चउ३’ म्हणतो, आणि सम्राटाची आज्ञा मानताना मंत्री ‘चॅन१ ची२’ म्हणतो. पहिल्या शब्दातील ‘चॅन’ चढता आहे, म्हणजे ‘मंजूर’. दुसऱ्यातील उंच सपाट आहे, म्हणजे ‘पालन’. सूर चुकला, तर सिंहासनावर कोण आणि गुडघ्यावर कोण हेच उलटे होते.

स्वराची लांबीही तितकीच महत्त्वाची आहे, आणि तेथे मराठीतील अ आणि आ जवळजवळ जसेच्या तसे उपयोगी पडतात. ‘सन१’ म्हणजे शरीर, ‘सान१’ म्हणजे डोंगर. ‘चम६’ म्हणजे सम्राटाचे ‘मी’ आणि ‘चाम२’ म्हणजे ‘मुंडके उडवणे’. हे दोन शब्द समोरासमोर लिहून रोज दहा वेळा मोठ्याने वाचावेत.

५. सुरुवात कोणत्या शब्दांपासून करावी?

अकारविल्हे यादी पाठ करू नये. प्रत्येक शब्द कोणाच्या तोंडी आहे आणि तो वरून खाली जातो की खालून वर, हे पाहून शब्दांचे गट पाडावेत. या शब्दावलीत दिशा हाच अर्थाचा निम्मा भाग आहे, आणि ती चुकली तर शुद्ध उच्चारही वाया जातो.

वरून खाली येणारे शब्द: ‘कॉङ३ ची२’ (फर्मान काढणे), ‘छी३’ (बक्षणे, बहाल करणे), ‘स्यून१’ (दरबारात बोलावणे किंवा जाहीर करणे). खालून वर जाणारे: ‘चउ३’ (अर्ज गुजरणे), ‘चे६ यन१’ (कृपेबद्दल आभार मानणे), ‘चॅन१ ची२’ (आज्ञा शिरसावंद्य). मधल्या माणसाचे, म्हणजे फर्मान घेऊन येणाऱ्याचे: ‘छ्यून४ ची२’ (हुकूम पोहोचवणे), ‘फ़ुङ६ ची२’ (हुकमानुसार), ‘चिप३ ची२’. यांतील शेवटचा शब्द विशेष आहे. खोजा किंवा दूत दारात उभा राहून ‘चिप३ ची२!’ असे पुकारतो, तेव्हा तो ‘फर्मान स्वीकारा’ असा हुकूम असतो. तोच शब्द कथनात आला, तर स्वीकारणाऱ्याची कृती सांगतो.

फर्मान मोजण्याचा शब्दही याच वेळी शिकावा. फर्मान ‘एक तोउ६’ असे मोजतात: ‘यत१ तोउ६ सिङ३ ची२’, एक फर्मान.

६. सिङ ची, चिउ स्यू, सॅङ यू, छिक हे सगळे ‘फर्मान’च ना? फरक काय?

मराठीत सगळ्यांना फर्मान म्हणता येते, पण दस्तऐवज म्हणून ते वेगवेगळे आहेत.

‘सिङ३ ची२’ म्हणजे शब्दशः पवित्र इच्छा. हा सर्वसाधारण शब्द आहे आणि कथाकादंबऱ्यांत, मालिकांत व बोलण्यात तोच सर्वाधिक ऐकू येतो. ‘चिउ३ स्यू१’ म्हणजे साऱ्या देशाला उद्देशून काढलेली औपचारिक घोषणा: राज्यारोहण, माफी, राज्यत्याग. इ. स. पू. २२१ मध्ये चिन वंशाच्या पहिल्या सम्राटाने राजाज्ञांसाठी ‘चय३’ आणि ‘चिउ३’ हे शब्द राखून ठेवले, तेव्हापासून या शब्दाचा मान आहे. ‘सॅङ६ यू६’ म्हणजे कारभारातील रोजचा लेखी आदेश. चिंग काळातील कागदपत्रांत तो सतत भेटतो. ‘हउ२ यू६’ म्हणजे तोंडी आदेश. ‘मत६ ची२’ म्हणजे गुप्त आदेश, ‘वय४ चिउ३’ म्हणजे मृत सम्राटाचे अखेरचे फर्मान. ‘चॅय६ केइ२ चिउ३’ म्हणजे सम्राटाने दुष्काळ, पूर किंवा बंडाळीनंतर स्वतःचाच दोष कबूल करणारे फर्मान. परक्या भाषेच्या विद्यार्थ्याला हा शब्द ऐकून नेहमी आश्चर्य वाटते.

उरले दोन, ‘कोउ३ मिङ६’ आणि ‘छिक१ मिङ६’. चिंग काळात अधिकाऱ्यांना व त्यांच्या कुटुंबीयांना मानाच्या पदव्या देणारी ही सनद. पाचव्या श्रेणीपर्यंतच्या वरिष्ठांना पहिली, सहाव्या श्रेणीपासून खालच्यांना दुसरी. संग्रहालयात अशी एखादी सनद उलगडलेली दिसली, तर जवळ जाऊन पाहावी. रेशमी पट्टा रंगीत विभागांत विणलेला असतो, टोकाशी ड्रॅगनच्या आकृतींमध्ये सनदेचे नाव विणलेले असते, चिनी मजकूर उजवीकडून आणि मांचू मजकूर डावीकडून सुरू होतो, आणि दोन्ही भाषा आपापल्या तारखेसह मध्याकडे येऊन भेटतात.

७. मालिकांमध्ये ‘फ़ुङ थिन सिङ वन…’ असे जे वाचतात, त्याचा अर्थ काय? ते बरोबर वाचतात का?

पूर्ण वाक्य असे: ‘फ़ुङ६ थिन१ सिङ४ वन६ वॉङ४ तय३ चिउ३ यॅक६’. अर्थ: ‘आकाशाच्या आज्ञेने राज्य करणारा आणि नियतीने ज्याच्याकडे सत्ता सोपवली तो सम्राट फर्मावतो की’. पहिली चार अक्षरे ‘वॉङ४ तय३’ या शब्दाचे, म्हणजे सम्राटाचे, विशेषण आहेत. त्यामुळे श्वास ‘वॉङ४ तय३’ नंतर घ्यायला हवा. पडद्यावर मात्र ‘वन६’ नंतर थांबून ‘वॉङ४ तय३ चिउ३ यॅक६’ एका दमात म्हणण्याची रूढी पडली आहे. ऐकताना रूढी ओळखावी, वाचताना व्याकरण पाळावे.

अपवाद काळाचा आहे. हे सूत्र मिंग राजवंशाच्या संस्थापकापासून, म्हणजे चौदाव्या शतकापासून रूढ झाले. चिन, हान किंवा थांग काळावरच्या कथेत ते आले, तर तो कालविपर्यास समजावा. थांग काळातील अनेक फर्मानांची सुरुवात ‘मुन४ हा६’ या शब्दांनी होते, आणि ते फर्मान तपासणाऱ्या खात्याचे संबोधन आहे.

शेवटचे ‘यॅक६’ (म्हणतो की) काही जण ‘यूत६’ असेही वाचतात. दोन्ही वाचने शब्दकोशात मिळतात.

८. शेवटी येणाऱ्या ‘यम छी’चे भाषांतर कसे करावे?

‘यम१’ हा सम्राटाशी संबंधित गोष्टींना लागणारा आदरवाचक शब्द आहे आणि ‘छी२’ म्हणजे ‘हे’. एकत्र अर्थ साधारण ‘हा राजादेश आदरपूर्वक पाळावा’ असा होतो. येथवर सम्राटाचे शब्द संपले, अशी खूणही तो देतो. म्हणून एखादा अधिकारी आपल्या पत्रात राजाज्ञा उद्धृत करतो, तेव्हा तिच्या अखेरीस ‘यम१ छी२’ येते, जणू अवतरणचिन्ह बंद झाले. देशभर प्रसृत होणाऱ्या औपचारिक घोषणेचा शेवट वेगळा असतो: ‘पोउ३ कोउ३ थिन१ हा६, हाम४ सी२ मन४ ची१’, म्हणजे ‘सर्व देशात जाहीर करावे, सर्वांना विदित व्हावे’.

हाच ‘यम१’ ‘यम१ छाय१’ या शब्दात आहे: सम्राटाने खास अधिकार देऊन पाठवलेला आयुक्त. मराठी प्रतिशब्दासाठी प्रश्न १४ पाहा.

९. गुडघे टेका, उठा, दरबार संपला: हे हुकूम कसे म्हणतात?

‘क्वय६ हा६’ म्हणजे गुडघे टेका. ‘फिङ४ सन१’ म्हणजे उठा, शब्दशः शरीर सरळ करा. ‘मिन५ लय५’ म्हणजे मुजऱ्याची गरज नाही. ‘साम१ क्वय६ कउ२ खउ३’ म्हणजे तीनदा गुडघे टेकणे आणि नऊदा कपाळ जमिनीला लावणे. १७९३ मध्ये ब्रिटिश वकील मकार्टनी आणि चिंग दरबार यांच्यात ज्यावरून वाद झाला, तो हाच विधी.

दरबार सुरू होताना पुकारा होतो: ‘यउ५ सी६ खय२ चउ३, मोउ४ सी६ थॅय३ छिउ४’. काही काम असेल तर गुजरावे, नसेल तर दरबार बरखास्त. हे वाक्य नवशिक्यांनी पाठच करावे, कारण आठ अक्षरांत सहापैकी पाच सूर येतात आणि ‘यउ५’ (आहे) व ‘मोउ४’ (नाही) यांचा तोलही त्यात आहे.

‘फिङ४ सन१’ घरात वापरू नये. सकाळी मुलाला उठवताना कँटोनीज आई ‘हेइ२ सन१’ म्हणते. शरीर तेच, ‘सन१’. क्रियापद बदलले की राजवाड्यातून आपण स्वयंपाकघरात येतो.

१०. ‘चम’ हा शब्द फक्त सम्राटच वापरू शकतो का?

इ. स. पू. २२१ पूर्वी ‘चम६’ म्हणजे साधे ‘मी’ किंवा ‘माझे’ होते आणि ते कोणीही म्हणू शकत असे. त्या वर्षी चिन सम्राटाने तो शब्द स्वतःसाठी राखून ठेवला, आणि नंतरच्या सम्राटांनी तीच प्रथा चालवली. ‘क्वा२ यन४’ (पुण्याईत उणा असा मी) हे राजांचे आणि सरदारांचे नम्र स्वसंबोधन, तेही पुढे सम्राटांच्या तोंडी दिसते. सम्राट मंत्र्याला मायेने ‘ऑय३ हिङ१’ म्हणतो; मंत्री स्वतःला ‘सन४’ म्हणतो. सम्राटाला समोरून ‘पय६ हा६’ किंवा ‘वॉङ४ सॅङ६’ म्हणतात. सर्वांत कठीण अपवाद प्रश्न १८ मध्ये आहे.

११. ‘करू नका’ असा शाही हुकूम कसा ओळखायचा?

बोली कँटोनीजमध्ये नकार ‘म४’ने (स्वर नसलेला, नुसता म्) होतो: ‘म४ होउ२’ (नको), ‘म४ चॅन२’ (परवानगी नाही). फर्मानात हा ‘म४’ कधीही येणार नाही. तेथे ‘पत१ तक१’ (करता येणार नाही), ‘मत६’ आणि ‘मोउ४’ (करू नये) हे अभिजात नकार येतात. एखाद्या तथाकथित जुन्या हुकमात ‘म४’ दिसला, तर तो आधुनिक लेखकाने रचलेला आहे असे खुशाल समजावे.

होकारार्थी आज्ञेसाठी चिंग काळातील आदेशांत ‘चॅक६’ हा शब्द वाक्याच्या आरंभी येतो, आणि त्याचा अर्थ ‘अमुकाने असे करावे’ असा होतो. ‘चॅक६ चिउ३ सॉ२ छिङ२’ म्हणजे ‘विनंतीप्रमाणे व्हावे’. मराठीतील ‘करावे’, ‘पाठवावे’, ‘कळवावे’ या विध्यर्थी रूपांशी त्याची ठेवण इतकी जुळते की मराठी वाचकाला ही वाक्ये पटकन उमगतात. अर्जाच्या कडेला सम्राट लाल शाईने जो शेरा मारी, त्याला ‘च्यू१ फय१’ म्हणतात. ‘यी१ यी५’ (ठरल्याप्रमाणे करा) आणि ‘ची१ तोउ६ लिउ५’ (समजले) हे त्यांतले नित्याचे शेरे.

१२. शिक्षेचे शब्द मालिकांत फार येतात. ते खरे आहेत का?

शब्द खरे आहेत, प्रसंग पुष्कळदा नाहीत. ‘चाम२ सउ२’ म्हणजे शिरच्छेद. ‘मुन५ मुन४ छाउ१ चाम२’ म्हणजे मालमत्ता जप्त करून घरातील सर्वांना ठार करणे. ‘छी३ सेइ२’ म्हणजे मृत्यू ‘बक्षणे’, अपराध्याने स्वतःच जीव द्यावा अशी आज्ञा. येथे ‘छी३’ हे प्रश्न ५ मधले बक्षिसाचेच क्रियापद आहे. मृत्यूही सम्राटाच्या कृपेच्या भाषेत दिला जाई.

‘याला ङ५ मुन४ बाहेर नेऊन मुंडके उडवा’ हे वाक्य मात्र रंगभूमीचे आहे. ‘ङ५ मुन४’ म्हणजे बेजिंगच्या राजवाड्याचे दक्षिणद्वार. मिंग काळात तेथे अधिकाऱ्यांना काठीने मारण्याची शिक्षा दिली जाई. चिंग काळात राजधानीतील शिरच्छेद शहराच्या ‘छॉय३ सी५ हउ२’ या भाजीबाजाराच्या चौकात होत, आणि १८९८ मध्ये सुधारणावादी सहा जणांना तेथेच मारले गेले.

१३. एकाच अक्षराचे दोन उच्चार दिसतात. कोणता घ्यावा?

अर्थ पाहून ठरवावे. ‘वर’ या अर्थाचे अक्षर ‘वॉङ४ सॅङ६’ (सम्राट) मध्ये ‘सॅङ६’, पण ‘चढणे, जाणे’ या अर्थी ‘सॅङ५ छिउ४’ (दरबारात जाणे) मध्ये ‘सॅङ५’ असते. दरबार या अर्थी ‘छिउ४’ वाचतो, तेच अक्षर ‘सकाळ’ असेल तर ‘चिउ१’. फर्मान खाली उतरते तेव्हा ‘कॉङ३’, शत्रू शरण येतो तेव्हा तेच अक्षर ‘हॉङ४’. पोहोचवणे ‘छ्यून४’, चरित्र ‘च्यून६’. उलट प्रकारही आहे: ‘राजा’ आणि ‘सम्राट’ यांची अक्षरे वेगळी आहेत, उच्चार मात्र दोन्हींचा ‘वॉङ४’. तेथे लिपी पाहिल्याशिवाय गत्यंतर नाही.

१४. मराठीत कोणते प्रतिशब्द वापरावेत?

आपल्याकडे दरबारी मराठीचा मोठा ठेवा असताना ‘ऑर्डर’ असा शब्द वापरण्याचे कारण नाही. ‘सिङ३ ची२’साठी फर्मान किंवा राजाज्ञा, ‘कोउ३ मिङ६’साठी सनद, ‘चउ३’साठी अर्ज गुजरणे, ‘चॅन२ चउ३’साठी मंजूर, ‘चॅन१ ची२’साठी आज्ञा शिरसावंद्य, ‘थॅय३ छिउ४’साठी दरबार बरखास्त. ‘यम१ छी२’ला मी ‘जाणिजे’ सुचवतो. जुन्या मराठी पत्रांच्या अखेरीस ‘बहुत काय लिहिणे, जाणिजे’ येते, आणि त्यातही आज्ञा संपल्याची खूण व ती मानण्याची अपेक्षा एकत्र असते. ‘चम६’साठी प्रतिशब्द नाही, ‘आम्ही’ जवळचा वाटतो, पण आपल्याकडे ‘आम्ही’ सरदारही म्हणतो. तेथे ‘चम’ तसाच ठेवून एकदा खुलासा करावा.

१५. हाँगकाँगमध्ये आज हे शब्द कोणी बोलते का?

होय, आणि अर्थ बदलून. ‘फ़ुङ६ ची२’ याचा मूळ अर्थ ‘राजाज्ञेनुसार’. आजच्या बोलीत तो ‘हमखास, जणू हक्कच असल्यासारखे’ या अर्थी येतो. ‘खॅय५ फ़ुङ६ ची२ छी४ तोउ३’ म्हणजे ‘तो ठरल्यासारखा उशिराच येतो’. ‘म४ हय६ फ़ुङ६ ची२ का३’ म्हणजे ‘हे गृहीत धरू नका’. एका राजाज्ञेचा शब्द रोजच्या कुरबुरीत इतका मुरला आहे की बोलणाऱ्याला सम्राट आठवतही नाही.

वारंवार कोणी बोलावणे धाडले, तर ‘सप६ यी६ तोउ६ कम१ फाय४’, बारा सुवर्णपट्ट्या, असे म्हणतात. ११४० मध्ये सेनापती यूए फेई याला आघाडीवरून परत बोलावण्यासाठी सम्राटाने एका दिवसात अशा बारा पट्ट्या पाठवल्या, असे परंपरा सांगते. ‘सान१ कोउ१ वॉङ४ तय३ यून५’, डोंगर उंच आणि सम्राट दूर, ही म्हणही सर्वांना ठाऊक आहे.

कँटोनीज संगीतनाटकात ही शब्दावली पूर्ण रूपात जिवंत आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांपर्यंत हे नाटक बहुतांशी रंगमंचीय क्वान्ह्वात होत असे. कँटोनीज त्यात नंतर स्थिरावली. म्हणून जुन्या शैलीच्या प्रयोगात दरबारी हुकूम वेगळ्याच उच्चारात ऐकू आले, तर आपले शिकणे चुकले असे समजू नये.

१६. कँटोनीज भाषेविरुद्ध शाही फर्मान निघाले होते, हे खरे आहे का?

१७२८ मध्ये योंगचंग सम्राटाने एक आदेश काढला. लहानमोठे अधिकारी भेटीस येऊन आपला परिचय सांगतात, तेव्हा फक्त फूच्येन आणि क्वांगतुंग या दोन प्रांतांतील माणसे गावाकडच्या उच्चारांत बोलतात आणि ते समजत नाही, अशी त्याची तक्रार होती. त्यानंतर या प्रांतांत ‘चिङ३ यम१ स्यू१ यून२’, शुद्ध उच्चाराच्या शाळा, काढण्यात आल्या. तो आदेश अधिकाऱ्यांना क्वान्ह्वा शिकवण्यासाठी होता, लोकांची भाषा बंद करण्यासाठी नव्हता. त्याचा परिणामही मर्यादितच राहिला असावा: क्वांगतुंगचे सुधारणावादी विचारवंत ल्यांग छीछाओ १८९८ मध्ये क्वांग्शू सम्राटाला भेटले, तेव्हा त्यांच्या उच्चारांमुळे सम्राटाला त्यांचे बोलणे नीट कळले नाही, असे सांगितले जाते.

१७. कँटोनीज प्रदेशात कधी सम्राट होऊन गेले का? मुंबईशी याचा काही संबंध येतो का?

होऊन गेले. क्वांगचौ (जुने इंग्रजी नाव कँटन) ही इ. स. पू. १११ पर्यंत टिकलेल्या नान्यूए राज्याची राजधानी होती. तेथील दुसऱ्या राजाची कबर १९८३ मध्ये सापडली, आणि तीत सोन्याची मुद्रा निघाली. सुमारे ३ सेंटिमीटर बाजूचा चौकोन, पाठीवर वेटोळे घातलेला ड्रॅगन, खाली चार अक्षरे: ‘मन४ तय३ हङ४ साय२’, म्हणजे ‘सम्राट वन याची कारभाराची मुद्रा’. चीनच्या दरबाराला हा माणूस केवळ राजा म्हणून ठाऊक असताना त्याच्या मुद्रेवर मात्र ‘तय३’, सम्राट. ‘साय२’ हा राजमुद्रेचा शब्द याच मुद्रेवरून शिकावा. पुढे दक्षिण हान (९१७ ते ९७१) यांचीही राजधानी तेथेच होती. सुंग वंशाचे अखेरचे दोन बालसम्राट मंगोलांपुढे पळत याच किनाऱ्यावर आले. त्यांची आठवण हाँगकाँगच्या काउलूनमधील ‘सुङ३ वॉङ४ थॉय४’ या शिलालेखात आहे, आणि त्यात ‘वॉङ४’ हे अक्षर राजाचे आहे, सम्राटाचे नाही (प्रश्न १३).

मुंबईचा संबंध व्यापाराचा आहे. १७५७ मध्ये छ्यनलुंग सम्राटाच्या आदेशाने पाश्चात्त्यांचा सागरी व्यापार एकट्या क्वांगचौपुरता मर्यादित झाला, आणि मुंबईचे जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारखे पारशी व्यापारी त्याच बंदराशी कापूस आणि अफूचा व्यवहार करत. मार्च १८३९ मध्ये लिन त्सश्यू ‘यम१ छाय१ ताय६ सन४’ (प्रश्न ८) म्हणून क्वांगचौला आले आणि त्यांनी परदेशी व्यापाऱ्यांकडून वीस हजारांहून अधिक पेट्या अफू ताब्यात घेतली. माळव्याची अफू मुख्यतः मुंबईतून जात असल्याने त्या हुकमाची झळ मुंबईच्या पेढ्यांनाही बसली.

१८. राज्य करणारा लहान मूल असेल, तर फर्मानातला ‘मी’ कोण?

हा सर्वांत अवघड अपवाद आहे. राजमातेच्या किंवा सम्राज्ञीच्या आज्ञेला ‘सिङ३ ची२’ म्हणत नाहीत. तिला ‘यी३ ची२’ हा स्वतंत्र शब्द आहे. बालसम्राटाच्या वतीने राजमाता कारभार पाहत असेल, तर बालसम्राटाचा ‘चम६’ आणि राजमातेची ‘यी३ ची२’ एकाच दस्तऐवजात येऊ शकतात. १२ फेब्रुवारी १९१२ रोजी निघालेल्या राज्यत्यागाच्या फर्मानात तसेच झाले आहे. त्यातील मुख्य वाक्य सुरू होते: ‘चम६ यम१ फ़ुङ६ लुङ४ यू६ वॉङ४ थाय३ हउ६ यी३ ची२’. म्हणजे ‘आम्ही, राजमाता लुंगयू यांची आज्ञा आदरपूर्वक शिरी धरून’. येथे ‘चम६’ म्हणजे नुकतीच सहा वर्षे पूर्ण झालेला अखेरचा सम्राट फूयी. वरून खाली हुकूम देणारा ‘चम६’ येथे स्वतः ‘फ़ुङ६’ करतो आहे, म्हणजे हुकूम घेणाऱ्याच्या जागी आहे. या वाक्यातील ‘यू६’ हे राजमातेच्या नावातील अक्षर आहे, आदेशवाचक ‘यू६’ नव्हे. केवळ ऐकून शिकणारे येथे हमखास फसतात, म्हणून हे वाक्य अक्षरे समोर ठेवूनच वाचावे.